चाकांवरचा आकडा

"सहाशे साठ आलेच पाहिजेत," गाडीच्या काचेवर बोटानं टिचकी मारत आप्पासाहेब इंगवले म्हणाले. "कंपनीनं छापलंय. माझ्या पाहुण्यांनी वाचलंय."

मी गाडीच्या मागं गुडघ्यांवर बसून पट्टा आवळत होते. एप्रिलची दुपार होती. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडचा पत्रा असा तापला होता की पाठीवर कुणीतरी निखाऱ्यांचं घमेलं धरून उभं आहे असं वाटत होतं.

"येतील तेवढे येतील, साहेब," मी म्हणाले. "मशीन आहे, ते कुणाचं ऐकत नाही."

आप्पासाहेब हसले, पण चिकोडे सर हसले नाहीत. वर्कशॉप चिकोडे सरांचं, मी त्यांच्याकडे डायनो चालवायला होते. आणि आमची शेड ज्या जागेवर उभी होती ती जागा आप्पासाहेबांची. शेजारची फौंड्री त्यांची, पलीकडची पण त्यांचीच. सरांनी मला डोळ्यांनीच दटावलं.

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जाड लोखंडी रूळ. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर उभी करायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना जखडायची आणि जागच्या जागी पूर्ण वेगानं पळवायची. चाकं रूळ फिरवतात. रूळ किती जोरानं फिरले त्यावरून चाकांपर्यंत किती ताकद पोचली ते कळतं. तेव्हा आमच्या भागात असं मशीन दुसरं नव्हतं आणि ते चालवणारी बाई तर नव्हतीच. लोक गाडी बघायला येत आणि मला बघून जात.

ती गाडी मात्र खरंच बघण्यासारखी होती. अमेरिकन, काळीभोर, लांब नाकाची. इंजिनावर सुपरचार्जर बसवलेला, म्हणजे हवा कोंबणारा एक पंपच. इंजिन स्वतःच्या जोरावर जेवढी हवा ओढेल त्यापेक्षा कितीतरी जास्त हवा तो आत रेटतो. सुरू केली की घशातून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. ती आप्पासाहेबांनी मुलासाठी मागवली होती. रविवारी नव्या लेआउटच्या सरळ रस्त्यावर गाड्यांचा मेळावा होता. तिथं यशोधन ती सगळ्यांसमोर पळवणार होता, आणि त्याआधी पाहुण्यांना तिची ताकद दाखवायची म्हणून हा घाट.

पाहुणे म्हणजे सांगलीचे खानविलकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ते, त्यांची बायको आणि मुलगी शर्वरी. शर्वरीचं यशोधनशी लग्न ठरत आलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तिघं डायनोच्या खोलीच्या काचेपलीकडच्या बाकावर बसले होते. त्यांच्यासाठी सरबत आलं होतं. यशोधन त्यांच्यापासून जरा लांब, भिंतीला टेकून उभा होता. उंच, गोरा, शांत मुलगा. सव्वीस-सत्तावीसचा असेल. आपलीच गाडी असून त्यानं तिला एकदाही हात लावला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, पण मी त्याचा फारसा विचार केला नाही.

पहिली फेरी मी एकटीनंच मारली. चौथ्या गिअरमध्ये हळूहळू वेग वाढवला आणि मग पाय पूर्ण खाली. गाडी पट्ट्यांत थरथरली, रूळ किंचाळले, काटा चढत गेला. मशीनच्या पडद्यावर आकडा आला, पाचशे बासष्ट हॉर्सपॉवर.

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला.

"शंभर कमी?"

"चाकांवरचा आकडा आहे हा," मी बाहेर येऊन सांगितलं. "कंपनी सांगते तो इंजिनाचा. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून, मागच्या दांड्यातून चाकांपर्यंत येईस्तोवर वाटेत खर्च होते. एवढा फरक सगळ्याच गाड्यांना पडतो. गाडीत दोष नाही."

खानविलकरांनी मान हलवली. "बरोबर आहे. पंपाचंही तसंच असतं."

पण आप्पासाहेबांना ते पटवून घ्यायचंच नव्हतं. "आणखी एकदा करा."

दुसऱ्या फेरीला पाचशे एकोणपन्नास आले. सुपरचार्जर तापला की हवा तापते आणि ताकद घटते, हे मी सांगितलं. बॉनेट उघडून तासभर थंड होऊ द्यावी, असंही सांगितलं. आप्पासाहेब घड्याळाकडे बघत होते. पाहुण्यांना संध्याकाळी परत जायचं होतं.

"आता यशोधन बसेल," ते म्हणाले. "गाडी त्याची. त्याच्या हातानं येऊ दे आकडा."

"डायनोवर मीच चालवते, साहेब. बाहेरच्या माणसाला नाही देता येत."

"मग शेजारी बसेल. बसतोस न्हवं रे?"

यशोधननं शर्वरीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "बसतो," तो म्हणाला.

फेरीच्या वेळी शेजारी माणूस बसवायचा नाही, असा आमचा नियम होता. मी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत म्हणाले, "बसू दे, वृषाली. एकच फेरी."

आम्ही आत बसलो. काचा वर केल्या, कारण खोलीत धूर आणि आवाज दोन्ही मरणाचे. आत भट्टी झाली होती. यशोधननं पट्टा लावला आणि दाराची कडी हातानं चाचपली.

"हे आतनं उघडतं ना?"

"उघडतं. पण चाकं फिरत असताना उघडायचं नाही."

"म्हणजे नाही उघडत," तो म्हणाला. हसला नाही. "किती वेळ चालतं?"

"फार नाही. बरं वाटत नाही का? नको असेल तर सांगा, मी थांबवते."

त्यानं डावीकडच्या काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे वडील उभे होते, दोन्ही हात कमरेवर.

"रात्री झोप झाली नाही," तो म्हणाला. "चला. उरकून टाका."

मी गाडी सुरू केली. गिअर चढवत चौथ्यावर आले. रूळ फिरायला लागले. मी पाय खाली दाबला. शीळ उठली, मग गुरगुर, मग सगळं एकच झालं. आवाज कानांनी ऐकू येत नाही, छातीत बसतो. माझी नजर वेगाच्या काट्यावर होती. काटा दोनशेच्या जवळ आला आणि शेजारून एक ओरडणं ऐकू आलं. माणूस ओरडतो तसं नाही. छातीतली सगळी हवा कुणीतरी एकदम पिळून काढावी तसं.

मी मान वळवली. यशोधन ताठ झाला होता. डोळे उघडे, पण कुठंच बघत नव्हते. जबडा आवळलेला. मग त्याचं सगळं अंग झटके द्यायला लागलं. त्याचा उजवा हात उडून माझ्या दंडावर बसला, मग गिअरच्या दांड्यावर.

मी पाय उचलला. पण पाय उचलल्यानं रूळ थांबत नाहीत. तेवढं वजन एकदा वेगात आलं की ते आपलं आपण उतरेपर्यंत वाट बघावी लागते. ब्रेक दाबावा तर चाकं अडतील आणि गाडी पट्टे तोडून मागच्या भिंतीवर जाईल. त्या वेगात गिअर भलत्या जागी पडला तरी तेच. आणि त्याचा हात, गुडघा, कोपर सारखं त्या दांड्यावर आपटत होतं.

मी डाव्या हातानं दांडा मुठीत धरला. त्याच्या हाताचे फटके माझ्या मनगटावर बसत होते. उजवा हात स्टिअरिंगवर. त्याच्याकडे वळायला मला हातच नव्हता. त्याच्या ओठांच्या कडेनं रक्तमिश्रित फेस आला. त्याचं डोकं काचेवर आदळत होतं आणि मी ते धरू शकत नव्हते. "यशोधन! यशोधन!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

काचेपलीकडे टाळ्या वाजत होत्या.

बाहेरून त्यांना फक्त हात दिसत असावा. गाडीच्या काचेवर ट्यूबलाइट चमकत होती, आत अंधार होता, आणि त्या अंधारात एक हात वरखाली होत होता. पोरगा जोशात आलाय, असं त्यांना वाटलं. खानविलकर टाळ्या वाजवत होते, त्यांची बायको हसत होती. शर्वरी तेवढी उठून काचेला चिकटून उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

आप्पासाहेब पण नव्हते. ते धावत दाराकडे निघाले होते.

काटा एकशेचाळीसवर होता. एकशेवीस. मला त्या आकड्यांकडे बघण्यापलीकडे दुसरं काही करता येत नव्हतं. माणूस शेजारी मरतोय असं वाटत होतं आणि मी काटा खाली यायची वाट बघत बसले होते. ऐंशी. त्याचे झटके मंदावले. पन्नास. त्यानं एक मोठा, घोरल्यासारखा श्वास घेतला. मी तेव्हा रडायला लागले असणार, कारण समोरचं धूसर झालं होतं.

रूळ थांबले. मी इंजिन बंद केलं. पट्टा सोडेपर्यंत डावीकडचं दार उघडलेलं होतं आणि आप्पासाहेब अर्धे आत आले होते.

त्यांनी काय केलं ते मी बघितलं आणि मला सगळं कळलं. त्यांनी मुलाला हाका मारल्या नाहीत, पाणी मागितलं नाही, गदागदा हलवलं नाही. एका हातानं त्याचा पट्टा सोडला, दुसऱ्यानं शर्टाचं वरचं बटण. मनगटावरचं घड्याळ काढून आपल्या खिशात टाकलं. मग चिकोडे सरांच्या मदतीनं त्याला जमिनीवर उतरवला, कुशीवर वळवला, रुमालानं तोंड पुसलं आणि आपला हात त्याच्या डोक्याखाली दिला. त्या हातांना सवय होती.

हे सगळं करताना ते काचेकडे पाठ करून असे बसले होते की बाहेरून मुलगा दिसणार नाही.

"सर, दार लावून घ्या," ते चिकोडे सरांना म्हणाले. सरांनी खोलीचं दार लावलं आणि कडी घातली. बाहेरून कुणीतरी थापा मारायला लागलं.

"अॅम्ब्युलन्स बोलवूया," मी म्हणाले.

"काही गरज नाही. येईल शुद्धीवर." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, उकाड्यानं चक्कर आली त्याला. लक्षात आलं ना?"

"ही चक्कर नव्हती, साहेब."

"मी सांगतो ती चक्कर होती."

चिकोडे सर दाराला पाठ लावून उभे होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "वृषाली," ते हलक्या आवाजात म्हणाले, "घरचा मामला आहे त्यांचा. आपण कशाला?"

खोलीत जळक्या रबराचा वास कोंदला होता. पंखा बंद होता. दाराबाहेर खानविलकरांचा आवाज येत होता, "इंगवलेसाहेब, काय झालं? दार उघडा." आत आम्ही तिघं आणि जमिनीवर तो. मला पळून जायचं होतं, पण एकच दार होतं आणि त्याला सर टेकले होते.

"रविवारी हा गाडी चालवणार होता?" मी विचारलं. "एवढ्या माणसांत? असं झालं असतं तर?"

"दोन वर्षं आली नव्हती," आप्पासाहेब म्हणाले. "गोळ्या चालू आहेत. मला वाटलं, संपलं." त्यांचा हात अजून मुलाच्या डोक्याखाली होता. "लग्नाची तीन ठिकाणं मोडली, मॅडम. प्रत्येक वेळी कुणीतरी जाऊन सांगतं, पोराला फिट येते. मग पाहुण्यांचा फोनच येत नाही. म्हटलं, एवढी मोठी गाडी त्यानं हजार माणसांसमोर चालवली की कुणाची बोलायची टाप राहणार नाही. पहिल्यांदा ह्यांनी बघावं, मग गावानं. बाप आहे मी. काय करू सांगा."

तेवढ्यात यशोधन हलला. डोळे उघडले. आपण कुठं आहोत ते त्याला कळेना. त्यानं जीभ तोंडात फिरवली, ती चावली गेली होती. मग वर वडिलांचा चेहरा दिसला आणि त्याला कळलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"चक्कर आली तुला," आप्पासाहेब म्हणाले. "उकाडा फार आहे. तेवढंच सांगायचं."

यशोधननं डोळे मिटून घेतले. त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं.

आप्पासाहेबांनी त्याला भिंतीला टेकवून बसवलं, केस सारखे केले, शर्टावरचा डाग झाकायला स्वतःचा कोट त्याच्या अंगावर टाकला. मग सरांना खूण केली. कडी निघाली.

सगळ्यांत आधी शर्वरी आत आली. मागून तिचे आईवडील.

"काही नाही ओ," आप्पासाहेब हसत उठले. "आत भट्टी झालीय नुसती. पोराला चक्कर आली जरा. सरबत आणा रे कुणीतरी!"

शर्वरीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती यशोधनजवळ गेली, क्षणभर थांबली आणि माझ्याकडे वळली.

"तुम्ही शेजारी होतात. काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिकोडे सरांनी मान अगदी किंचित हलवली, नाही म्हणून. ती जागा कुणाची ते मला माहीत होतं. माझ्या बोलण्यानं सरांचा धंदा जाऊ शकत होता, आणि ते वाईट माणूस नव्हते. दुसरीकडे हे सांगायचा मला तरी काय हक्क होता? आजार त्याचा, लग्न तिचं. मी कोण, गाड्या तपासणारी. पण रविवारचा तो सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना उभी माणसं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"आत उकाडा होता, हे खरं आहे," मी म्हणाले. "पण मीही आतच होते. उकाड्यानं झालेलं नाही हे."

आप्पासाहेब माझ्याकडे असे बघत राहिले की आजही तो चेहरा मला दिसतो. त्यात राग नव्हता. थकल्यासारखे दिसले ते.

"पुढचं मी नाही सांगणार," मी म्हणाले. "त्यांनाच विचारा."

यशोधननं डोळे उघडले. "फिट आली मला," तो शर्वरीला म्हणाला. जीभ जड झाली होती, शब्द नीट उमटत नव्हते. "पहिली नव्हे. नववीत असल्यापासनं येते. तुला सांगायचं होतं. दोनदा सांगायला आलो होतो."

"हो," ती म्हणाली. "मंदिराच्या पायऱ्यांवर. आणि मग आइस्क्रीम खाऊया म्हणालास."

खानविलकरांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. खानविलकर पडद्याकडे बघत राहिले. तिथं अजून अर्धवट राहिलेल्या फेरीची वाकडी रेघ होती. शेवटी आप्पासाहेबांनीच तोंड उघडलं. ते माझ्याशी बोलले.

"मग गाडीत दोष नाही म्हणता तुम्ही?"

"नाही, साहेब."

"सहाशे साठच आहे ती."

"इंजिन तेवढंच देत असणार. चाकांवर पाचशे बासष्ट."

"बरं," ते म्हणाले आणि जवळच्या टायरवर बसले. एवढा मोठा माणूस, शेजारी शेजारी दोन फौंड्र्या असलेला, तो टायरवर बसून आपल्या हातांकडे बघत होता. त्यांच्या खिशात मुलाचं घड्याळ होतं. त्याचा पट्टा बाहेर लोंबत होता.

"चल, शर्वरी," खानविलकर म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं. ह्याला अजून उठवत नाही." ती यशोधनशेजारी जमिनीवर बसली. रबराच्या काळ्या भुकटीनं तिचा पांढरा ड्रेस खराब झाला. तिनं त्याला हात लावला नाही, नुसती बसून राहिली. खानविलकर दारात उभे राहिले. त्यांना तिला ओढून नेता येईना आणि सोडून जाता येईना. बऱ्याच वेळानं ती उठली, आईचा हात धरला आणि गेली.

यशोधननं रविवारी गाडी चालवली नाही. त्याच आठवड्यात खानविलकरांनी लग्न मोडल्याचा निरोप पाठवला. चिकोडे सर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी डबा खायला बोलावलं आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. आप्पासाहेबांनी जागा काढून घेतली नाही. ते पुन्हा कधी शेडमध्ये आले मात्र नाहीत. गाडी पुढं हैदराबादच्या कुणाला तरी विकल्याचं कानावर आलं. मला वाटलं, संपलं. आपण एका मुलाचं लग्न मोडलं, असंही वाटायचं, विशेषतः मशीन बंद करून शेड शांत झाल्यावर.

पावसाळा संपत आला तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"शर्वरी बोलतेय. सांगलीहून. ओळखलंत?"

"ओळखलं."

"एक विचारायचं होतं. घरी कुणाला माहीत नाही मी फोन केलाय ते. त्या दिवशी गाडीत, त्याला तसं झालं तेव्हा तुम्ही त्याला कसं धरलं होतंत?"

"मी धरलंच नव्हतं," मी म्हणाले. मला तेव्हाही ते सांगताना अपराध्यासारखं वाटलं. "माझे दोन्ही हात अडकले होते. मला काहीच करता आलं नाही."

"त्याचे डॉक्टर म्हणाले, धरायचं नसतंच. मी जाऊन भेटले त्यांना. लागेल असं काही जवळ असेल तर बाजूला करायचं, कुशीवर वळवायचं, फार वेळ चाललं तर दवाखान्यात न्यायचं. बाकी काही करायचं नसतं म्हणाले. मला खरं वाटेना. म्हणून तुम्हाला विचारलं. म्हणजे तुम्ही नुसत्या शेजारी बसून होतात?"

"हो."

"संपेपर्यंत?"

"संपेपर्यंत."

पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"तेवढं मला जमेल," ती म्हणाली.